राजनंदिनीच्या नावाचं रक्त

१

डॉ. सगीरा इनामदार यांना चोर-दरोडेखोरांचा अनुभव नव्हता, पण खोटं बोलणाऱ्यांचा दांडगा होता. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात बसणाऱ्या डॉक्टरला तो आपोआप येतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणाच्या पोटात कळ येते, सहलीच्या दिवशी तीच कळ पळून जाते. कोणती कळ खरी आणि कोणती अभ्यास न झाल्याची, हे सगीरा दारातून येणाऱ्या पोराच्या चालीवरून ओळखत. त्या मंगळवारी मात्र समोर बसलेली मुलगी काय लपवतेय, हे काही केल्या त्यांना कळेना.

मुलीचं नाव राजनंदिनी. गाव अजिंठा, एमएस्सीचं दुसरं वर्ष. करमाडच्या अलीकडं जालना रस्त्याला जे विद्यापीठ आहे, त्याच्या मुलींच्या वसतिगृहात ती राहायची. सत्र सुरू झालं की वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीचं रक्त तपासायचं, आजार दिसायच्या आत पकडायचा, अशी चांगली योजना विद्यापीठानं आखली होती. यंदाही तपासणी झाली, आणि राजनंदिनीच्या नावानं जो अहवाल आला तो सगीरांनी पुन्हा पुन्हा वाचला. उपाशीपोटी चारशेच्या पुढं साखर. अशा माणसाला केव्हाही दवाखान्यात उचलून न्यावं लागतं.

सगीरा दहा दिवस रजेवर होत्या. अहवाल मात्र थांबला नव्हता. तो मोबाइलवरून अजिंठ्याला, राजनंदिनीच्या घरी परस्पर पोचला होता.

"बोट दे," सगीरा म्हणाल्या. लहान यंत्रावर थेंब घेतला. साखर अगदी ठणठणीत माणसाची. दुसऱ्या बोटातून घेतला. तेच.

त्यांनी अहवालावरचा रक्तगट पाहिला, बी पॉझिटिव्ह. मग मुलीच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून पाहिलं. ओ पॉझिटिव्ह.

"राजनंदिनी, हे रक्त तुझं नाही."

एखादी मुलगी अशा वेळी आनंदानं रडली असती. ही नुसती खाली मान घालून बसली.

"ठाऊक आहे मॅडम," ती म्हणाली. "तपासणीच्या दिवशी मी इथं नव्हतेच. पुण्याला मुलाखतीला गेले होते. न विचारता."

"मग तुझ्या नावानं रक्त कुणी दिलं?"

"आईशप्पथ सांगते मॅडम, मलाच माहीत नाय."

सगीरांनी अहवाल पुन्हा हातात घेतला. लॅबनं तीच बाटली दोनदा तपासली होती, दोन्हीदा तेच उत्तर. रक्त खरं होतं, आजार खरा होता, फक्त माणूस सापडत नव्हतं. कुणीतरी एक जण या आवारात हिंडत-फिरत होतं, हसत-बोलत होतं, आणि आपण कड्याच्या टोकावर उभे आहोत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

२

वसतिगृहाच्या रेक्टर रत्नमाला साळवे म्हणजे शिस्तीचा बडगा. मागच्या वर्षी एकमेकींच्या नावानं 'हजर मॅडम' म्हणणाऱ्या तीन मुलींना त्यांनी वसतिगृहाबाहेर काढलं होतं. मुली त्यांना पाहून जिना बदलत. सगीरांचं मात्र त्यांच्याशी चांगलं जमे. दुपारचा डबा दोघी एकत्र खायच्या. सगीरांच्या घरची खुलताबादची खाजा मिठाई रत्नाताईंना फार आवडे, आणि त्यांच्या हातची येसराची आमटी सगीरांना.

"चूक लॅबची आहे," सगळं ऐकून रत्नाताई म्हणाल्या. "बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. सोडून द्या."

"अदलाबदल झाली असं धरा. तरी रक्त कुणाचं तरी आहेच ना, ताई? आभाळातून तर पडलं नाही."

रत्नाताईंनी टेबलावरची पाण्याची बाटली तोंडाला लावली, संपवली, आणि सगीरांची बाटली पुढं ओढली. जानेवारीचे दिवस होते. बाहेर मुली स्वेटर घालून उन्हात बसल्या होत्या.

"तुमचं बोट कसं आहे?" सगीरांनी सहज विचारलं. टेबलाखाली रत्नाताईंच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती.

"नवी चप्पल चावली. होईल बरं."

भिंतीवर नवा कोरा फलक टेकवून ठेवला होता: 'शंभर टक्के आरोग्य तपासणी पूर्ण करणारं पहिलं वसतिगृह'. सव्वीस जानेवारीला कुलगुरूंच्या हस्ते तो लागणार होता. आपल्याकडं एक बरं असतं, नव्याण्णव टक्क्यांना कुणी नारळ फोडत नाही.

"मला मुलींशी बोलायचंय," सगीरा म्हणाल्या.

"बोला. पण एक सांगून ठेवते. कुणी हिच्या नावानं रक्त दिलं असेल, तर ती मुलगी संध्याकाळपर्यंत वसतिगृहाबाहेर. आणि कुणी कबूल झालीच नाही, तर राजनंदिनी बाहेर."

दार उघडंच होतं. वसतिगृहात दार उघडं असलं की बातमीला पाय फुटतात. सगीरा केंद्रात परतल्या तेव्हा बाकावर दोन मुली आधीच येऊन बसल्या होत्या, आणि दोघींनाही गुन्हा कबूल करायचा होता.

३

एक मोनाली, करमाडची, बोलायला फटाकडी. दुसरी सुमय्या, शहरातली, शांत. दोघीही राजनंदिनीच्या खोलीतल्या.

"मी दिलं मॅडम," मोनाली म्हणाली.

"ती खोटं बोलतेय. मी दिलं," सुमय्या म्हणाली.

सगीरांनी कपाळाला हात लावला. गुन्हेगार सापडत नाही म्हणून डोकं धरणारे पुष्कळ असतात, एकाच गुन्ह्याला दोन गुन्हेगार सापडले म्हणून डोकं धरायची पाळी त्यांच्यावर आली होती. सुमय्याचा रक्तगट बी पॉझिटिव्ह निघाला तेव्हा त्यांनी यंत्र पुढं ओढलं. एवढीशी पोर, आणि चारशेच्या पुढं साखर? त्यांनी तिचं बोट घेतलं. साखर नेहमीसारखी. मोनालीची तर भुकेनं थोडी कमीच भरली.

"आता खरं बोला. कुठं दिलं रक्त?"

"व्हरांड्यात," दोघी एकदम म्हणाल्या. "तिथंच तर कॅम्प होता."

"आधी स्वतःच्या नावानं, मग राजनंदिनीच्या?"

"व्हय," मोनाली म्हणाली.

"मग तुमच्या स्वतःच्या अहवालात साखर नीट कशी आली गं? एकाच हातातून एकदा पाणी निघालं आणि एकदा सरबत?"

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मोनालीनं हत्यार टाकलं. "खरं सांगू का मॅडम? मला वाटलं सुमय्यानं दिलं, तिला वाटलं मी दिलं. रेक्टरमॅडम राजनंदिनीला काढणार म्हटल्यावर दोघींनी कबूल व्हायचं ठरवलं. उद्या अजून चौघी येणार होत्या. सगळ्यांनाच कसं काढतील?"

"आणि जिचं रक्त आहे, ती मेली तर?"

मोनालीचा चेहरा उतरला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "राजनंदिनीची आई आठ दिवस धड जेवली नाय," ती हळूच म्हणाली. "लॅबची चूक आहे म्हणून ही घसा कोरडा करती, तिला पटत नाय. सारखा फोन, सारखं रडणं. आणि आम्ही इथं हसत होतो."

सगीरांनी लॅबला फोन लावला. व्हरांड्यात त्या दिवशी रक्त कुणी काढलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पलीकडून आलेलं उत्तर ऐकून त्या खुर्चीतून उठल्याच. राजनंदिनीच्या नावाची बाटली व्हरांड्यातून आलीच नव्हती.

४

बाटली आली होती दुसऱ्या दिवशी, आणि तीही सगीरांच्याच केंद्रातून. कॅम्पात तपासायच्या राहून गेलेल्या मुलींसाठी लॅबनं सकाळी सकाळी निजामुद्दीन नावाच्या आपल्या माणसाला तिथं बसवलं होतं. सगीरा त्या दिवसापासूनच रजेवर होत्या. म्हणजे चोरी त्यांच्याच घरात झाली होती.

निजामुद्दीन पन्नाशी उलटलेले, दाढीला मेंदी लावणारे, बोलके गृहस्थ. विद्यापीठात ते पहिल्यांदाच आले होते आणि परत आले नव्हते. सगीरांनी बोलावलं तसे दुपारी स्कूटरवर हजर झाले.

"ती कशी दिसत होती, निजामभाई?"

"शक्ल कुठं दिसते मॅडम? तोंडाला स्कार्फ, डोळ्यावर गॉगल, अंगात तो पांढरा सनकोट. इथं तर सगळ्याच पोरी गाडीवरून तशाच येतात. माझ्यासमोर येतो तो फक्त हात. तोंडाची आपल्याला गरज काय?"

"बरं, हात कसा होता?"

"साफ. रग मात्र लवकर सापडली नाही, दोनदा टोचावं लागलं. बिचारी काही बोलली नाही. चिठ्ठी दिली, हात दिला, तोंड फिरवून बसली. भली होती. बाकीच्या पोरींनी चाचा, चाचा करून डोकं खाल्लं. चाचा दुखंल का, चाचा चक्कर येईल का. हिनं फक्त म्हटलं, 'भाऊ, जरा हळू.' बस्स."

सगीरांनी मान डोलावली. त्या चिठ्ठीतच अडकल्या होत्या. चिठ्ठीशिवाय रक्त घेत नाहीत, आणि प्रत्येक मुलीला आपली चिठ्ठी रेक्टरच्या कार्यालयातून घ्यावी लागे. राजनंदिनीनं ती घेतलीच नव्हती. म्हणजे चिठ्ठी कार्यालयाच्या कपाटात पडून होती, आणि तिथून ती चालत चालत केंद्रात आली होती.

"कपाटाची किल्ली कुणाकडं असते, ताई?" त्यांनी रत्नाताईंना फोनवर विचारलं.

"माझ्याकडं. आणि झाडायला उघडते म्हणून चंपाबाईकडं." मग रत्नाताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "सगीरा, मला बोलायचं नव्हतं. पण चंपाबाई परवाच विचारत होती, पोरींची फुकट तपासणी होते, आमची का नाही म्हणून."

५

चंपाबाई वसतिगृहात झाडलोट करायची. सगीरांनी तिला गाठलं तेव्हा ती मेसच्या मागं ज्वारी पाखडत होती. विचारलेलं तिला आधी समजेना, आणि समजल्यावर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी? मी सुई टोचून घेतली? डाक्टरीणबाई, करोनात मला सुई द्यायला दोन बाया धरायला लागल्या होत्या. तिसरी पळाली. विचारा गावात."

"पण तपासणी आमची का नाही, असं म्हणाला होतात ना?"

"म्हणले की. म्हणायला काय सुई लागती?" तिनं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढं केले. "घ्या. बोट घ्या, हात घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी नका देऊ."

तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत हिरवं गोंदण होतं. तुळस, विंचू, आणि नवऱ्याचं नाव. सगीरा त्या हाताकडं पाहतच राहिल्या. निजामभाई म्हणाले होते, हात साफ होता. जो माणूस फक्त हातच बघतो, त्याला कोपरभर गोंदण दिसलं नसतं का? चंपाबाई धडधडीत निर्दोष होती. साखरही घेऊन पाहिली, तीही बरी निघाली. मग उरलं कोण?

त्या लिंबाखालच्या कट्ट्यावर बसल्या. डोक्यात नुसता गुंता. राजनंदिनी पुण्यात. मोनाली नाही, सुमय्या नाही, चंपाबाई नाही. दुसरी कुठली मुलगी असती, तर तिला चिठ्ठी कुठून मिळाली असती? आणि मुलगी कशाला दुसऱ्याचं नाव सांगून सकाळी उपाशी येईल? हजेरीला नुसतं तोंड उघडावं लागतं, इथं हात टोचून घ्यायचा होता. मैत्रिणीवर एवढा जीव टाकणाऱ्या दोघी होत्या, त्यांना व्हरांड्यापलीकडचं काही ठाऊकच नव्हतं.

समोरून चार मुली निघाल्या होत्या. फाटकावरच्या म्हाताऱ्या वॉचमनला त्यातली एक ओरडून म्हणाली, "चाचा, गाडी बघा हां जरा."

सगीरांना एकदम निजामभाईंचं बोलणं आठवलं.

सगळ्या पोरी चाचा म्हणाल्या. हिनं भाऊ म्हटलं. विशीतली पोर मेंदीच्या दाढीवाल्या माणसाला भाऊ म्हणत नाही. त्या वयाच्या माणसाला भाऊ म्हणते ती त्याच्याच आगेमागे जन्मलेली बाई. स्कार्फ आणि गॉगलनं तोंड झाकलं, वय झाकलं, पण दोनदा सुई लागल्यावर जीभ सवयीनं बोलून गेली. किल्ली असलेल्या दोन बायका. एकीच्या हातावर गोंदण. दुसरीला मुलीच्या तब्येतीशी काही देणंघेणं नव्हतं, तिला फक्त यादीत एकही मुलगी राहिलेली चालणार नव्हती. शंभर टक्क्यांच्या फलकाला एक मुलगी कमी पडत होती.

आणि भर थंडीत दोन बाटल्या पाणी. आणि चप्पल चावलेला, बरा न होणारा अंगठा.

"या अल्ला," सगीरा पुटपुटल्या. आपण डॉक्टर आहोत याची त्यांना शरम वाटली. रोज समोर बसून जेवणाऱ्या बाईला त्यांनी स्वतःच्या हातानं खाजा भरवला होता.

६

रत्नाताई कार्यालयात एकट्याच होत्या. सगीरांनी दार लावून घेतलं आणि टेबलावर साखरेचं यंत्र ठेवलं.

"चंपाबाई ना?" रत्नाताईंनी विचारलं.

"ताई, बोट द्या."

"मला काही झालेलं नाही."

"मग द्यायला काय हरकत आहे?"

रत्नाताईंनी हात टेबलाखाली नेला. लहान मूल खाऊ लपवतं तसा. मग एकदम त्यांचा चेहरा ढासळला.

"एकच मुलगी राहिली होती," त्या म्हणाल्या. "एकच. वाटलं, रक्त ते रक्त, कोण बघतंय. माझं चांगलंच येईल अशी खात्री होती."

"मग अहवाल आल्यावर का नाही बोललात?"

"माझी आई, पारूबाई, याच रोगानं गेली. आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल गेलं, मग गुडघ्यापासून पाय. मी तिचं सगळं केलंय सगीरा. मला वास ओळखता येतो." त्या थांबल्या. "अहवाल वाचला तेव्हा पहिलं काय वाटलं सांगू? बरं झालं, माझं नाव नाही. नाव दुसरीचं होतं ना, मग रोगही दुसरीचाच असेल असं धरून बसले. रोज सकाळी उठून तसंच धरायचे. लॅबची चूक म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं होतं."

सगीरांना राग आला होता, फार आला होता. चंपाबाईचं नाव घेताना या बाईची जीभ अडखळली नव्हती, आणि एका आईच्या घशाखाली आठ दिवस घास उतरला नव्हता. पण त्याहून जास्त त्यांना भीती वाटत होती. त्यांनी खाली बसून पट्टी सोडली. अंगठ्याची एक कड काळपट झाली होती. बोटातली साखर मोजायला गेल्या, तर यंत्रानं आकडाच दाखवला नाही. ते मोजतं त्याच्याही वर ती गेली होती.

"आत्ता घाटी दवाखान्यात जायचं. आत्ता."

"आणि मुलींना काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा. मला फक्त तुमचा पाय वाचवायचाय."

रत्नाताई उठल्या. व्हरांड्यात मुली घोळक्यानं उभ्याच होत्या, दार बंद झालं की वसतिगृहाला झोप येत नाही. राजनंदिनी पुढं होती.

"राजनंदिनीच्या नावानं रक्त मी दिलं होतं," रत्नाताई म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता, हजेरी घेतानाचा. "आजार माझा आहे. चंपाबाईवर मी खोटा आळ घेतला."

कुणी हसलं नाही.

"माझी आई आठ दिवस जेवली नाही, मॅडम," राजनंदिनी म्हणाली. "तुम्ही रोज माझ्यासमोरून जात होता."

"हो."

"मी पुण्याला न विचारता गेले, ती माझी चूक. त्याची काय शिक्षा असेल ती द्या. पण तुम्हाला मी माफ नाही केलेलं."

"नको करूस," रत्नाताई म्हणाल्या.

राजनंदिनीनं त्यांच्या पायाकडं पाहिलं. मग कुणाला काही न विचारता तिनं त्यांच्या हातातली पर्स घेतली, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना पायऱ्या उतरवायला लागली. सगीरांनी गाडी काढली. मागच्या सीटवर सुमय्या आणि मोनाली आधीच चढून बसल्या होत्या.

घाटीत संध्याकाळी गर्दी होती. केसपेपरच्या खिडकीपाशी रांग लागली होती. सगीरा आत ओळखीच्या डॉक्टरांना शोधायला गेल्या आणि धावत परत आल्या, तेव्हा रत्नाताई खिडकीशी पोचल्या होत्या. पाय दुखत होता म्हणून एका पायावर भार टाकून, राजनंदिनीचा हात धरून.

"पेशंटचं नाव?" आतल्या बाईनं वर न बघता विचारलं.

राजनंदिनीनं तोंड उघडलं नाही. मोनाली नाही, सुमय्या नाही. तिघीही रत्नाताईंकडं बघत राहिल्या. मागची रांग कुरकुरायला लागली.

"नाव सांगा लवकर, बाई."

"रत्नमाला," रत्नाताई म्हणाल्या, आणि मग जरा मोठ्यानं, खिडकीच्या आत ऐकू जाईल असं, "रत्नमाला भगवान साळवे. पेशंट मीच आहे."